पोथी मानायची की रीत? (आमच्या घरातलं त्र्यंबक प्रकरण)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

घरात पेच झालाय. सासूबाई (मी आईच म्हणते) ७८ वर्षांच्या. चाळीसेक वर्षं रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचतात. जुन्या नाशकात वाड्यात राहायचो तेव्हापासून, आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्येही. पारायण, सप्ताह असलं काही नाही. डोळ्यांना झेपतील तेवढ्या ओव्या वाचायच्या, खूण घालायची, चहा. अठरावा अध्याय संपला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला.

माझे दीर पुण्याला असतात. पुतण्या ३१ वर्षांचा, लग्न जमत नाहीये. कुणीतरी पत्रिका बघून कालसर्प सांगितला. त्र्यंबकला त्याची शांत, म्हणजे शांतीची पूजा, करायचं ठरलं, तारीख ठरली, आगाऊ पैसेही दिले. दिरांचं म्हणणं, घरातलं सगळ्यात मोठं माणूस सोबत हवं. आईंनी फोनवर एवढंच विचारलं, "पोथीत कुठे लिहिलंय ते दाखव, मी येते." दीर म्हणाले, "आई, सगळ्याच गोष्टी पोथीत नसतात." त्यावर ह्या, "मग माझ्याकडे पण नसतात." आणि फोन माझ्या हातात दिला!

आठ दिवस झाले, मायलेकांचं बोलणं बंद आहे. मधल्यामध्ये मी.

पण खरं सांगू का, आईंची बाजू घ्यायला गेलं तर तिथेही अडखळायला होतं. ह्याच आई पोथीला आंघोळीशिवाय हात लावू देत नाहीत. पोथी लाल कापडात, कापड वेगळं धुवायचं, वाळायला वेगळं टाकायचं. पाळीच्या दिवसांत मी किंवा लेक त्या कपाटाकडे फिरकायचंसुद्धा नाही. लेक सोळा वर्षांची. तिनं परवा विचारलं, "आजी, हे कुठल्या ओवीत आहे?" मी डोळे वटारले म्हणून विषय तिथेच थांबला.

त्यातच पुढच्या आठवड्यात आईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डावा आधीच अधू आहे. त्यामुळे सध्या घरात वातावरण जरा तंगच आहे.

तर प्रश्न असा. एखाद्यानं एक ग्रंथ मनापासून धरला, तर बाकीच्या रीतीभाती सोडायची मुभा त्याला मिळते का? की ग्रंथ आणि रीत अशा वेगळ्या काढताच येत नाहीत?

---

खवचट_काकू
"मग माझ्याकडे पण नसतात." 🙏 आजींना इथे आयडी काढून द्या, बाकीचे आम्ही निवृत्त होतो.

---

निरीश्वर
पोथी काय आणि पूजा काय, एकाच दुकानातला माल. एक किरकोळीत मिळतो, दुसरा ठोकमध्ये. मुलाला म्हणावं विवाहमंडळात नाव घाल आणि पगाराचा खरा आकडा लिही.

---

टाळकरी
@गोदाकाठची, आईंना ओवी हवी असेल तर आहे की, पण ती त्यांच्या बाजूनं पडते. तेराव्या अध्यायात माउली अज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यात हा माणूस हुबेहूब उभा केलाय. चतुर्थी आली की गणपतीचा, चतुर्दशीला देवीला म्हणतो मी तुझाच गं माये, मध्येच नवचंडीला बसतो, सोमवार उजाडला की बेल घेऊन पिंडीकडे धाव. सगळ्या देवांना एकटाच पुरून उरतो, क्षणभर गप्प बसत नाही. आमच्या फडावरचे महाराज हे निरूपणाला घेतात तेव्हा मंडपात खसखस पिकते, कारण प्रत्येकाला शेजारचा आठवतो.

चाळीस वर्षं वाचलेल्या बाईंना हे पाठ असणार. त्यांनी दिरांना ऐकवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा समजा.

आता दुसरं. आम्ही माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जातो. हे कुठल्या ओवीत लिहिलंय? कुठल्याच नाही. पण न जाऊन करमत नाही. त्यामुळे "पोथीत नाही म्हणून नाही" हे सूत्र मला काही लावता येणार नाही, मीच अडकेन.

---

अर्धवटराव
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कुशावर्त
मी त्र्यंबकचा. घरात पिढीजात पौरोहित्य आहे, मी स्वतः मात्र अंबडला नोकरी करतो. त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे.

निरीश्वर यांचं दुकान वाचून हसू आलं, पण एक सांगतो. आमच्या माळ्यावर वह्या आहेत. जुन्या, लांबट, कापडी बांधणीच्या. येणारा यजमान गाव सांगतो, आडनाव सांगतो, की वडील पाच मिनिटांत वही काढतात. एकदा विदर्भातले एक गृहस्थ आले होते, असेच "मला हे काही पटत नाही, बायकोनं आणलं" म्हणत. वहीत त्यांच्या पणजोबांची मोडीतली सही निघाली. त्यांना मोडी येत नव्हती, वडिलांनी वाचून दाखवली. माणूस अर्धा तास त्या पानावर हात ठेवून बसला होता. पूजा केली की नाही हे मला आठवत नाही, पान आठवतं. कुठल्या ग्रंथानं हे दिलं असतं त्यांना?

राहिला कालसर्प. प्रामाणिकपणे सांगतो. आजोबांच्या तोंडी नारायण नागबळी, त्रिपिंडी या विधींची नावं रोजची होती, कालसर्प मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकला. आज चौकशीचे निम्मे फोन त्याचेच असतात. मागणी तसा पुरवठा झालाय का, तर हो, काही प्रमाणात झालाय. पण येणारा माणूस घाबरलेला असतो आणि जाताना थोडा कमी घाबरलेला असतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

आणि "शास्त्रात दाखवा" म्हणणाऱ्यांसाठी: गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक बघा. कार्य काय, अकार्य काय, हे ठरवताना शास्त्र हेच प्रमाण, असं भगवंतच सांगतात. म्हणजे पोथीच तुम्हाला विधीकडे पाठवते.

---

राहूकेतूंचा_जावई
ज्योतिषाचा हौशी अभ्यासक म्हणून थोडी भर. राहू-केतूंच्या एका बाजूला सगळे ग्रह आले की कालसर्प, असं आज सांगतात. पाराशरी, बृहज्जातक अशा जुन्या ग्रंथांत या नावाचा योग नाही. 'सर्प' नावाचा योग आहे, पण त्याची व्याख्या वेगळी. तेव्हा आजींचा प्रश्न पोथीपुरता नाही, पत्रिकेच्या पोथीलाही लागू होतो.

पूजा करू नका असं म्हणत नाही. बायकोचं माहेर त्र्यंबकचं आहे. हलकेच घ्या.

---

खवचट_काकू
@राहूकेतूंचा_जावई, आयडीचा उलगडा आज झाला.

---

साक्षीभाव
@कुशावर्त, सोळाव्यातला श्लोक तुम्ही काढलात, मग दुसऱ्यातले ४२ ते ४६ पण काढा. वेदातल्या फळांच्या गोड गोड बोलण्यात रमणाऱ्यांना तिथे चांगलंच सुनावलंय. चहूकडे पाणीच पाणी झाल्यावर विहिरीचं जेवढं काम, जाणत्याला वेदांचं तेवढंच. आणि नवव्यातलं पान-फूल-फळ-पाणी आहेच. त्यात आगाऊ रकमेचा उल्लेख नाही.

अजून एक गंमत. पिंड-पाणी बंद झालं तर पितर खाली पडतात, हे गीतेत आहे म्हणून लोक छातीठोकपणे सांगतात. आहे, पहिल्याच अध्यायात आहे. पण बोलतोय कोण? अर्जुन! धनुष्य टाकायच्या बेतात असलेला, गोंधळलेला अर्जुन. ज्याची समजूत घालायला पुढचे सतरा अध्याय खर्ची पडले, त्याचंच वाक्य आपण प्रमाण म्हणून देतो.

---

निरीश्वर
म्हणजे सातशे श्लोकांत दोन्ही बाजूंना पुरतील एवढे श्लोक आहेत. माझं म्हणणं सिद्ध झालं, जेवायला जातो.

---

येवल्याचा_विणकर
हा धागा वाचताना एक गोष्ट खटकतेय. सगळे "ग्रंथ चांगला, रीत वाईट" किंवा "रीत प्रेमळ, ग्रंथ कोरडा" एवढ्यावरच फिरताय. आमच्या घरात हा प्रश्न वेगळ्या दारातून आला. काळारामाच्या.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. पणजोबा त्यात होते. ते सांगायचे असं आजोबा सांगत, आजोबांकडून मी ऐकलं. मिरवणूक देवळापाशी आली आणि दरवाजे बंद. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. हे एक-दोन दिवसांचं प्रकरण नव्हतं, काही वर्षं चाललं. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

मुद्दा असा. दार लावणाऱ्यांकडे ग्रंथ नव्हता का? होता. ते ग्रंथ दाखवूनच दार लावत होते. आणि 'रीत आहे' हेही तेच म्हणत होते. ग्रंथ आणि रीत दोघं मिळून दाराला खांदा लावून उभे होते. माझ्या पणजोबांनी यातलं कशाला व्यक्तिगत श्रद्धा म्हणायचं आणि कशाला संघटित धर्म?

त्यामुळे आजींनी "दाखव" म्हटलं ते आवडलं. पण नातीनं "आजी, हे कुठल्या ओवीत आहे" विचारलं ते जास्त आवडलं. तिला डोळे वटारू नका, ताई.

---

गोदाकाठची
@येवल्याचा_विणकर, लागलं. खरंच लागलं. उत्तर नाही माझ्याकडे.

---

टाळकरी
विणकर, तुमच्यापुढे हात जोडले. एकच म्हणतो, ज्यांची ओवी मी वर सांगितली त्या माउलींच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारेही शास्त्र बघूनच सांगत होते, अशी आमच्याकडे कथा आहे. आणि पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. आम्ही कीर्तनात हे रडत ऐकतो आणि घरी येऊन पुन्हा तेच करतो.

---

अर्धवटराव
पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

शरणपूरकर
आमच्याकडचं सांगू का? शरणपूर म्हणजे आता नाशिककरांना शरणपूर रोड, दुकानं आणि सिग्नल. मुळात ती १८५४ च्या सुमारास मिशननं वसवलेली वस्ती. (अवांतर: गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, त्यातली काही पुढे लिव्हिंग्स्टनच्या मोहिमांत गेली. नाशकात कुणाला सांगितलं तर थापा मारतो म्हणतात.)

तुमच्या धाग्याचा विषय वाचला की मला कवी ना. वा. टिळकच आठवतात. रेल्वेच्या डब्यात एका साहेबानं नवा करार हातात ठेवला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले ते थांबलेच. म्हणजे आधी पुस्तक, मंडळी (चर्च) नंतर. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, म्हणजे आपल्या इथल्या जलालपूरच्या, त्यांना या वाटेवर यायला आणखी काही वर्षं लागली. पुस्तकानं घर दुभंगलं आणि पुढे सांधलंही.

पण खरी मेख पुढे आहे. मिशनच्या चौकटीतही त्यांचा जीव रमेना. अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर भजनं बसवली. शेवटी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे जाणारे सगळे त्यात. दोन वर्षांत गेले. म्हणजे एकाच माणसानं पुस्तक धरून एक संघटित धर्म सोडला आणि तेच पुस्तक धरून दुसऱ्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला.

आणि मी? मी रोज एक अध्याय वाचतो, पण रविवारी मंडळीत जायचं मध्यंतरी बंद केलं होतं. एका कारभाऱ्याशी कबरस्तानाच्या जागेवरून वाजलं होतं. दोन वर्षं घरीच वाचन, घरीच प्रार्थना. छान चाललं होतं. मग वडील आजारी पडले. रात्री अडीचला सगळ्यात आधी स्कूटर घेऊन कोण आलं असेल? तोच कारभारी. अजून तो मला आवडत नाही. पण रविवारी जातो.

---

मालेगावकर
आमच्याकडेही हेच आहे. एक मामा उरुसाला चादर घेऊन जाणार, दुसरे मामा म्हणणार किताबात दाखव. ईदला दोघांना एका सतरंजीवर बसवायचं काम अम्मीचं. अम्मी सोप्पं करते, दोघांच्या मध्ये शीरखुर्म्याचं पातेलं ठेवते.

---

द्राक्षवाला
शीरखुर्मा वाचून भूक लागली. नाशिकचा धागा आहे आणि अजून कुणी मिसळीचं नाव काढलं नाही?

---

खवचट_काकू
काढलंत ना तुम्ही. आता पुढच्या पन्नास प्रतिक्रिया काळा रस्सा की लाल.

---

द्राक्षवाला
काळा. विषय संपला. पण काकू, यातही हेच आहे बघा. माझे वडील त्यांच्या ठरलेल्या ठिकाणाशिवाय मिसळ खात नाहीत. चव बिघडून दहा वर्षं झाली. विचारलं तर म्हणतात, "चव बघायला कोण जातं?"

---

सिंहस्थी
मंडळी, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्या निमित्तानं. इथे साधूंचंही एकमत नाही हो. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर. पेशवाईत स्नानाच्या मानावरून तंटा झाला तेव्हापासूनची ही वाटणी. आपण नाशिककर तेवढं एक पर्व असलं की रस्ते खणलेले बघतो आणि तपोवनातल्या झाडांवरून भांडतो. गोदावरी मात्र दोन्हीकडून तीच वाहते.

---

ॲडमिन
तपोवनातल्या झाडांसाठी वेगळा धागा आहे, तिथे २१२ प्रतिक्रिया झाल्या आहेत. कृपया इथे नको. मिसळीसाठीही आहे.

---

जुनी_वही
मूळ मुद्द्याकडे. आजींच्या हातातली पोथी त्यांच्यापर्यंत कशी आली, हे कुणी विचारलंच नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या. नकलाकारांनी चुका केल्या, काहींनी भक्तीच्या भरात स्वतःच्या ओव्या घुसडल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, एकनाथ महाराजांनी बसून पाठ शुद्ध केला आणि शेवटी दम भरला, की यापुढे कुणी यात आपली ओवी घालील तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. म्हणजे एक माणूस बसला, प्रती गोळा केल्या, ही ओवी माउलींची, ही नाही, असं ठरवलं. ते कशाच्या जोरावर ठरवलं? परंपरेत मुरलेल्या कानाच्या जोरावर. त्यानंतर किती जणांनी ती पोथी लिहून काढली, लाल कापडात गुंडाळली, ओल्या हातांपासून जपली, तेव्हा ती इंदिरानगरच्या फ्लॅटपर्यंत आली.

सोवळ्याचं समर्थन करत नाहीये. छापील पुस्तकाच्या काळात त्याची गरज नाही आणि पाळीच्या बाबतीत तर ते अन्यायाचंच आहे. पण "मी फक्त पोथी मानते, रीत नाही" असं कुणालाच पूर्ण खरं म्हणता येत नाही. पोथी रीतीच्या खांद्यावर बसूनच आलेली असते.

---

साक्षीभाव
वाखुसा (वाचनखूण साठवली). 'नरोटी' शब्दासाठी विशेष आभार, आमच्या सोसायटीच्या बैठकीत वापरणार.

---

निरीश्वर
@जुनी_वही, मग ते खांदे आता उतरवता येतील ना? पोहोचली की पोथी.

---

जुनी_वही
काही उतरले आहेतच. २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात बायकांनी जाण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवा. 'पूर्वापार' म्हणून सांगितलेल्या गोष्टी हलतात. कोण हलवतं एवढाच प्रश्न असतो.

---

रामकुंडाजवळची
इथे सहसा लिहीत नाही. पण लिहावंसं वाटतंय.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आयुष्यभर गीतेचा पंधरावा अध्याय म्हणून जेवायला बसायचे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं, माझ्यामागे दहावं-तेरावं काही नको, पंधरावा म्हणा आणि पोरांना जेवायला घाला. शाई निळी, खाली सही, तारीख. बाबा बँकेत होते, कागद पक्का करायची सवय.

मी म्हटलं तसंच करायचं. दादा म्हणाला मला जमणार नाही. भांडलो, चांगलेच भांडलो. शेवटी दहाव्याला तो रामकुंडावर गेला आणि मी घरी पंधरावा म्हणायला बसले. वीसच श्लोक. मला ते शाळेपासून पाठ. सात-आठ मिनिटांत संपले. मग? मग मी काय करायचं? घरात सगळं आवरलेलं होतं. पुन्हा म्हटले. पुन्हा संपले. चप्पल घातली आणि चालत रामकुंडावर गेले.

दादा पायऱ्यांवर बसला होता, डोकं भादरलेलं, ओला. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नव्हता. गुरुजी म्हणाले काही इच्छा राहिली असेल तर सांगा. एकेकानं सांगायला सुरुवात केली, आईला सांभाळू, कर्ज फेडू. कावळा बसूनच होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात, तरी आम्ही केलं. रागावू नका." आणि कावळा आला.

साक्षीभाव, निरीश्वर, मला माहितेय कावळा कशाला येतो. भात असतो तो. पण त्या दिवशी मी आणि दादा पंधरा दिवसांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसलो. बाबांचा कागद अजून माझ्याकडे आहे. मी त्यांचं ऐकलं नाही हेही खरंच आहे. दर वर्षी त्या तिथीला पंधरावा म्हणते, एकदाच.

---

निरीश्वर
कावळ्याबद्दल काही बोलणार नाही.

---

खवचट_काकू
हे या आयडीकडून आलेलं पहिलं शहाणं वाक्य. (मीही डोळे पुसतेय, कुणी बघू नका.)

---

कुशावर्त
@गोदाकाठची, एक सुचवू? शांत व्हायची तर होऊ दे, पुतण्याच्या मनासाठी. आईंना पूजेला नका बसवू. बाहेर निवृत्तीनाथांच्या समाधीवर घेऊन जा, देवळापासून फार लांब नाही. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, भावंडं पांगली आणि निवृत्तीनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, ही कथा त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. ज्यांनी माउलींना ग्रंथ सांगायला लावलं ते तिथे आहेत. पोथीत दाखवायची गरज नाही, प्रत्येक अध्यायात त्यांचं नाव येतं.

---

टाळकरी
+१. हे बेस्ट. आणि समाधीपाशी कुणी पावती फाडत बसत नाही.

---

कुशावर्त
@टाळकरी, राहवलंच नाही ना तुम्हाला?

---

राहूकेतूंचा_जावई
वाहनतळ गावाबाहेर आहे, आईंना चालवणार नाही. सोमवार टाळा.

---

गोदाकाठची
बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांना एकदम लिहिते.

ऑपरेशन नीट झालं. हिरवी पट्टी होती, आता काळा चष्मा. वाचायला महिनाभर बंदी. पहिल्या दोन दिवसांत मी हा सगळा धागा आईंना वाचून दाखवला. (निरीश्वर, तुमचं दुकानाचं वाक्य ऐकून म्हणाल्या, "हा मुलगा लहानपणी आजीजवळ राहिलेला दिसतो." का ते विचारू नका, मलाही कळलं नाही.) तेराव्याची ओवी टाळकऱ्यांनी अर्धीच सांगितली म्हणाल्या आणि पुढची स्वतः म्हणून दाखवली. एकनाथांचं ऐकून मान डोलावली. काळारामाचं ऐकताना काहीच बोलल्या नाहीत. नंतर रात्री म्हणाल्या की त्यांचं माहेर पंचवटीतलंच, आणि त्यांच्या आजोबांनी त्या सत्याग्रहाच्या दिवसांत काय केलं हे त्यांनी घरात कधी विचारलं नाही. एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

रामकुंडाजवळची यांचं पोस्ट दोनदा वाचायला लावलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला हाक मारली, पण मला नाही, लेकीला. "पोथी काढ." लेक डोळे चोळत बाहेर आली, म्हणाली, "आजी, मला आज दुसरा दिवस आहे, आईला सांग." मी स्वयंपाकघरात गॅससमोर उभी, हातात पातेलं, जागची हलले नाही. आई म्हणाल्या, "मी विचारलं का तुला? चौथा अध्याय, खूण आहे बघ. सावकाश वाच, पदं तोडू नकोस."

लेकीनं तोंड धुतलं आणि वाचलं. पदं तोडलीच. आईंनी तिला प्रत्येक ओवीला थांबवलं. चहा साडेसातला झाला.

ती ओवी-बिवी काही विचारत नाहीये आता. रोज वाचतेय, कुरकुरत. रविवारी सुट्टी मागितली, मिळाली नाही.

त्र्यंबकचं म्हणाल तर शांत झाली, दीर-जाऊ आणि पुतण्या गेले होते. आई गेल्या नाहीत, डॉक्टरांनीच धुळीत जायला मना केलं होतं, त्यामुळे कुणाचीच हार झाली नाही. येताना दिरांनी समाधीवरचा बुक्का आणला. आईंनी लावून घेतला आणि विचारलं, "तू गेला होतास का आत, की ड्रायव्हरला पाठवलंस?" दीर म्हणाले गेलो होतो. बोलणं सुरू झालंय.

दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर. तोवर लेकीचे सहा-सात अध्याय होतील, असा आईंचा हिशेब आहे. लेकीचा हिशेब वेगळा आहे.

---

येवल्याचा_विणकर
ताई, लेकीला सांगा, एक काका विचारत होते कितव्या ओवीवर आहेस.

---

द्राक्षवाला
आणि पुतण्याचं लग्न?

---

गोदाकाठची
@द्राक्षवाला, एक स्थळ आलंय. मुलगी म्हणे पत्रिका बघत नाही. दीर आता त्याच्या काळजीत आहेत.